पांढऱ्याला नीळ

६ जानेवारी

ही डायरी भाचीनं दिली. म्हणाली, "मावशी, तू दिवसभर मनातल्या मनात भांडत असतेस. ते इथं लिही, म्हणजे काकांचा जीव वाचेल." शाळा मी चौथीत सोडली, अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखं. पण लिहिते. वाचणार कोण आहे.

आज दोन नव्या पोरी माझ्याशेजारी बसवल्या. हिरा हातात दिला तर दोघी चिमट्यात धरून नाचवायला लागल्या. म्हटलं, ठेवा खाली. हिरा चेहऱ्यावरून बघायचा नसतो. चेहऱ्यावरून तो सगळ्यांनाच भुलवतो. पांढऱ्या कागदाची घडी करायची, घडीत खडा पालथा घालायचा आणि कुशीतून बघायचा. चमक दबली की अंगचा रंग दिसतो. तरी नाही कळलं तर त्याच्यावर तोंडाची वाफ सोडायची, आरशावर सोडतो तशी. वाफ उडायच्या आत कळतं किती पिवळा आहे ते.

एक म्हणते, "बाई, एवढासा पिवळेपणा कुणाला दिसणार?" म्हटलं, तुला नाही दिसला तर तू घरी, मला नाही दिसला तर मी घरी.

वजन काटा सांगतो. पैलू नीट पडलेत का ते यंत्र मोजतं. आतला डाग, चीर, ठिपका भिंगातून दिसतो. रंगाला मात्र माणूस लागतं, आणि आमच्या खोलीत ते माणूस मी आहे. म्हणून उत्तरेची खिडकी माझी. तिथं ऊन येत नाही, नुसता उजेड येतो. समोरच्या भिंतीला दिव्याखाली डागवाल्या बसतात, त्यांच्यात आमची भाची. खोलीत मावशी म्हणायचं नाही, बाई म्हणायचं आणि अहो-जाहो करायचं, हे तिला पहिल्याच दिवशी बजावलंय. नाहीतर लोक म्हणतील, बाईनं भाची घुसवली. घुसवलीच आहे. पण म्हणायला कशाला द्यायचं.

१७ जानेवारी

स्टोअरवाल्यानं कागद बदललाय. विचारलं तर म्हणतो, तोच आहे. गठ्ठा परत पाठवला, दुसरा आणला, तोही पिवळट. म्हटलं, हा काय लोणी गुंडाळायचा कागद आहे का? तो काटेवाल्यांकडे गेला. काटेवाले म्हणजे खोलीचे प्रमुख, वजनकाटा आणि तिजोरी दोन्ही त्यांच्याकडे. त्यांनी कागद उजेडात धरला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बाईंना दुसरा द्या." तिसरा गठ्ठाही तसाच निघाला. आजकाल कुणाला चांगला माल बनवायचाच नाही.

१९ जानेवारी

घरी पण तेच. यांचं कपडे धुऊन इस्त्री करून द्यायचं दुकान. जन्म गेला त्यात आणि बायकोचा कोट पांढरा ठेवता येत नाही. खिडकीत आम्हाला पांढराच कोट लागतो, दुसरा रंग घातला तर त्याची छाया खड्यात पडते. आज कोट बघितला तर चहात बुडवून काढल्यासारखा.

म्हटलं, नीळ घालता की विसरता?

"घातली की गं."

"मग अजून घाला."

"घालतो," म्हणाले. हा माणूस भांडत पण नाही. भिंतीशी भांडलं तर भिंत निदान आवाज परत करते.

३ फेब्रुवारी

डागवाल्या पोरी आज माझ्याकडे बघून तोंडावर हात धरत होत्या. एकीला उभी केली. काय गं, दात दाखवायची शर्यत लागलीय का? म्हणाली, "काही नाही बाई, तुमचा कोट छान दिसतो. आभाळासारखा." आभाळ पांढरं असतं का? असेल तिच्या घरी.

कोट मात्र आता बरा झालाय. अजून थोडी नीळ चालेल.

संध्याकाळी भाची घरी आली. भाजी निवडून दिली, मग इकडचं तिकडचं बोलत बसली. हिचं असं गुळमुळीत बोलणं सुरू झालं की समजायचं, पोटात काहीतरी आहे. शेवटी म्हणाली, "मावशी, एकदा डोळे दाखवून ये ना. सहज. मी येते सोबत."

डोकंच फिरलं. म्हटलं, याच डोळ्यांमुळे तू तिथं बसलीयस, विसरू नकोस. तुझ्या आईच्या घरची चूल कशावर चालते ते पण विसरू नकोस. खिडकीवर नजर आहे का तुझी?

ती उठली. चपला घालताना म्हणाली, "तुला काय वाटेल ते वाट." हे आतून सगळं ऐकत होते. बाहेर आले नाहीत.

२२ फेब्रुवारी

वर्षभर माल सगळा पिवळा येतोय. खाणीच संपत आल्या असतील. काटेवाले आज म्हणाले, "गिऱ्हाईक हल्ली फार खूश आहे बाई. म्हणतो, तुमच्या खालच्या प्रतीतसुद्धा पांढरा माल मिळतो." म्हटलं, गोड बोलून भाव पाडायची तऱ्हा आहे ती. ते हसले नाहीत. म्हणाले, "नमुन्याचे खडे काढत जा ना समोर."

नमुन्याचे खडे म्हणजे एका डबीत ओळीनं ठेवलेले, ठरलेल्या रंगांचे. नवा खडा त्यांच्या शेजारी ठेवून ताडायचा. ते शिकाऊंसाठी. स्वयंपाक येणारी बाई मीठ मोजून घालते का? माझी डबी कपाटात झोपलेली आहे, तिथंच बरी आहे.

१० मार्च

आजच लिहायला पाहिजे.

गेल्या वर्षीच्या आधीची मोठ्या खड्यांची एक पुडी तिजोरीत पडून होती. मीच रंग लावला होता, पहिल्या प्रतीचा पांढरा. पुडीच्या कागदावर माझी खूण आहे. आता ती विकायची म्हणून परत तपासायला काढली. आधी डागाला गेली, भाचीकडे. दुपारी सगळ्या चहाला उठल्या तेव्हा ती एकटीच पुडी घेऊन बसली होती. मी म्हटलं होतं, चहा घे गं. म्हणाली, "एवढं संपवते, बाई."

चहानंतर पुडी माझ्याकडे आली. घडीत खडे पालथे घातले. बघितलं, तर सगळे पिवळट. माझ्या हातून पांढरे गेलेले खडे.

पुन्हा वाफ सोडून बघितलं. तेच. काटेवाल्यांना हाक मारली. म्हटलं, खडे बदललेत. त्यांनी वजन केलं, वजन जुळलं. म्हटलं, बदलणारा वजन जुळवूनच बदलणार, तो काय खुळा आहे? पुडी कुणाच्या हातात होती ते मला विचारू नका. तुम्हीच बघा.

सगळ्या खोलीनं तिच्याकडे बघितलं.

ती उठून आली. चेहरा कागदासारखा, म्हणजे जुन्या कागदासारखा. म्हणाली, "बाई, नमुने शेजारी ठेवून बघा." ठीक आहे, म्हटलं, होऊ दे. डबी काढली. नमुने मांडले. आणि काय बघते, तर पहिला नमुना सुद्धा पिवळसर. दुसरा त्याच्यासारखाच. म्हणजे हिचा हात डबीपर्यंत पोचला होता.

तसं म्हटलं मी. सगळ्यांसमोर म्हटलं.

ती हळू म्हणाली, "मोठ्या खड्यातली चीर बघा, बाई. माशाच्या काट्यासारखी चीर आहे. जुन्या पुडीवर लिहिलेलं आहे. तीच आहे, भिंगातून बघा." डागवाल्यांचं हे असंच. त्यांना प्रत्येक खडा त्याच्या खोडीवरून ओळखू येतो, त्याच्या अंगाचं त्यांना काही नाही. म्हटलं, मी रंग बघितलाय. पिवळ्याला चीर कितीही ओळखीची असली तरी तो पांढरा होत नाही.

"एकदा बघा," म्हणाली.

मी बघितलं नाही. कशाला बघू? मी दोनदा बघणारी बाई नाही.

काटेवाले मोठा खडा आणि भिंग घेऊन आपल्या टेबलाशी गेले. आले आणि म्हणाले, "बाई, तुमचं नक्की ना?" म्हटलं, नक्की.

मग ते तिला दारापर्यंत घेऊन गेले, काहीतरी विचारलं. तिनं मान हलवली. आपलं भिंग टेबलावर ठेवून ती गेली. पोलीस नको, म्हणाले काटेवाले, घराण्याचा प्रश्न आहे तुमच्या. उपकारच केले म्हणायचे. पण या धंद्यात नाव गेलं की सगळीकडून गेलं. आता तिला कुठल्या खोलीत कुणी चिमटा हातात देणार नाही.

माझ्या बहिणीची पोर. मीच आणलेली. अशी कशी निघाली.

१३ मार्च

धाकटी आली होती. माझी बहीण, पोरीची आई. बसली नाही, उंबऱ्यातच उभी राहिली. म्हणाली, "ताई, ती जेवत नाही."

म्हटलं, खडे कुठं ठेवलेत ते विचार, मग जेवेल.

मीच पुढं म्हटलं, "घर उलटंपालटं करून बघ. डबे उपस."

"मी कशाला बघू."

"तुला बघायचंच नसतं," म्हणाली आणि गेली. पायात चप्पल एकच नीट होती, दुसरीचा अंगठा तुटलेला. ते बघून वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून अजूनच राग आला.

हे रात्री जेवताना म्हणाले, "पोर तशी नाही गं." म्हटलं, तुम्हाला इस्त्रीतलं कळतं, तेवढंच बोला. ताटात हात तसाच ठेवून बसले.

५ एप्रिल

खिडकीत आता शांतता असते. माझ्याशेजारच्या पोरी काही विचारत नाहीत. पूर्वी दिवसातून दहा वेळा, बाई हा बघा, बाई तो बघा. आता आपापसात कुजबुजून ठरवतात. भीती बसली असेल. बरंच आहे.

यांचा हात मात्र सुधारलाय. कोटाच्या कॉलरला अशी धार कधी नव्हती. बाह्यांची घडी सुद्धा एकावर एक. म्हटलं, म्हातारपणी शिकलात वाटतं. लाजले. डबा पण हल्ली जास्त नेतात, दोन माणसांचा. इस्त्री पण जेवते का, विचारलं. म्हणाले, "उभ्यानं काम असतं. भूक लागते."

१९ मे

सुईत दोरा जात नाही. दिव्याभोवती कडं दिसतं, त्याला काटे फुटल्यासारखे. काल जिन्याची शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकला, तर अजून एक होती. गुडघा फुटला. थकवा आहे. झोप नाही धड.

२६ मे

फसवलं मला. हे म्हणाले, माझे डोळे दाखवायचेत, एकटा जायला कसंतरी वाटतं, चल सोबत. गेले. डॉक्टरीणबाईंनी यांना बघितलं आणि लगेच मला म्हणाल्या, या बसा, आता तुम्ही. दोघांचं आधीच बोलणं झालं होतं. तिथं भांडणार तरी कसं, हनुवटी त्या यंत्रावर टेकवलेली.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "चांगला पिकलाय, कित्येक दिवसांचा आहे," म्हणाल्या. रंगांचा काही त्रास? म्हटलं, माझा धंदाच रंगाचा आहे, मला त्रास असता तर आधी मला कळला असता. त्या कागदावर लिहीत राहिल्या.

रस्त्यात हे म्हणाले, "हिरेवाल्या बाईच्या डोळ्यात मोती. मालकीणच झालीस." हसावं म्हणून म्हणाले. मी हसले नाही, तेही हसले नाहीत.

कामावर सांगितलं, नातलग आजारी आहे, सुट्टी पाहिजे. आधी उजवा डोळा करायचा ठरला.

९ जून

पट्टी काढली.

दवाखान्यात सगळं लख्ख होतं. वाटलं, दवाखानाच तसा असेल. घरी आले. खोलीत पाऊल टाकलं आणि म्हटलं, हे काय केलंय?

चादर निळी. उशांचे अभ्रे निळे. यांचा शर्ट निळा. दोरीवर माझा कोट होता, तो तर पोलिसाच्या गणवेशासारखा. घरभर निळं. हे दारात उभे.

म्हटलं, कधीपासून?

"तूच म्हणायचीस ना, पिवळं दिसतं. मग घालत गेलो."

"सगळ्यांना निळं दिसत होतं?"

"दिसत होतं."

"दुकानातलं गिऱ्हाईक काही बोललं नाही?"

"आपल्या घरचे कपडे वेगळे धुवायचो."

मी डावा डोळा झाकला. निळं. उजवा झाकला आणि डाव्यानं बघितलं. पांढरं. छान, स्वच्छ पांढरं, जसं मला पाहिजे होतं तसं. परत डावा झाकला. निळं. असं किती वेळ केलं माहीत नाही. हे म्हणाले, बस कर, डोळ्याला ताण येईल.

मग तो पहिला नमुना आठवला. आणि दुसरा. आणि ती म्हणाली होती, चीर बघा.

जेवले नाही.

२३ जून

कामावर गेले. काळा चष्मा लावून गेले आणि सरळ काटेवाल्यांच्या टेबलाशी. म्हटलं, ती पुडी काढा.

"विकली बाई. मागेच."

"कुठल्या भावात?"

"तुम्ही पूर्वी लावलेल्या रंगाच्या, पहिल्या प्रतीच्या."

म्हटलं, खडे तेच होते. माझ्या डोळ्यात पडदा होता. पोरीनं काही केलेलं नाही.

त्यांनी काट्यावरची काच सरकवून बंद केली. म्हणाले, "मला माहीत आहे. चीर मी त्याच दिवशी बघितली होती. तीच होती, माशाच्या काट्यासारखी."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? खडा तोच आहे म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, बाईंच्या डोळ्याचं काय. मग तुम्ही रंग लावलेली वर्षभराची पुडी न् पुडी संशयात आली असती. मालकांनी मला उभं ठेवलं नसतं, तुम्हाला पण नाही. तिला मी दारापाशी विचारलं होतं, बाईंचे डोळे कसे आहेत? म्हणाली, मला माहीत नाही." मग म्हणाले, "आता डोळा बरा झालाय ना? मग बसा खिडकीत. दुसरा पण करून घ्या."

तिला माहीत होतं. फेब्रुवारीत माझ्या घरी बसून भाजी निवडताना तिला माहीत होतं.

मी खिडकीपाशी गेले. बसले नाही. खोलीकडे तोंड करून उभी राहिले आणि मोठ्यानं म्हटलं, "सगळ्यांनी ऐका. त्या दिवशीचे खडे बदललेले नव्हते. मलाच दिसत नव्हतं. भाचीनं चोरी केलेली नाही."

डागवाल्यांनी भिंगातून मान वर केली नाही. कुणालाच नवल वाटलं नव्हतं. रंगवाल्या पोरी घडीत बघत होत्या. मी परत म्हटलं.

जिला मी जानेवारीत वाफ सोडायला शिकवलं, ती पोर म्हणाली, "बाई, बाजूला होता का? उजेड अडतोय."

२४ जून

काटेवाल्यांनी दारातच अडवलं. "थोडे दिवस विश्रांती घ्या बाई, तब्येत महत्त्वाची." आवाज मऊ होता. पोरीला पण असाच मऊ आवाज लावला होता. माझा चिमटा एका लिफाफ्यात घालून दिला. म्हटलं, पोरीला परत बोलवा, मग मी मुकाट्यानं जाते. म्हणाले, "गिऱ्हाइकांच्या कानावर गेलंय. आता कुठलं कारण सांगितलं तरी लोक पहिलंच लक्षात ठेवतात."

धाकटीकडे गेले. दार बाहेरून ओढलेलं. शेजारीण म्हणाली, पोर कामाला जाते ना आता, आई दवाखान्यात गेलीय. कुठं कामाला? म्हणाली, "तुम्हाला माहीत नाही? तुमच्याच यांच्या दुकानात."

कॉलरची धार. दोन माणसांचा डबा. मी स्वतःच्या हातानं भरून दिलेला.

२५ जून

दुकानात गेले. हे बादलीशी होते, मला बघून उभे राहिले, हात तसेच ओले. ती टेबलाशी, इस्त्री फिरवत होती. वाळलीय. शर्टाची कॉलर आधी उलटी बाजू, मग सुलटी, टोकाकडून मध्यात. मी बघत उभी राहिले. काय बोलायचं ते रस्ताभर ठरवत आले होते, त्यातलं एक अक्षर आठवेना.

म्हटलं, डोळा केला उजवा.

"काकांनी सांगितलं."

"तू त्या दिवशी बोलली का नाहीस? एक शब्द बोलली असतीस तर."

इस्त्री उभी करून ठेवली. शर्ट उलटवला.

"बोलले असते तर तुमची खिडकी गेली असती."

तुमची म्हणाली. मला वाटलं, खोलीतली सवय आहे, जाईल. म्हटलं, खिडकी गेलीच गं. काल गेली.

तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. मग कोपऱ्यातलं स्टूल पायानं पुढं सरकवलं. "बसा, बाई."

मावशी नाही. बस पण नाही. मीच शिकवलं होतं, कामाच्या जागी बाई म्हणायचं.

बसले. रिकामं बसवेना. धुवायच्या कपड्यांचा ढीग पडला होता, म्हटलं, पांढरे वेगळे काढू का? हे पटकन म्हणाले, काढ, काढ. डावा डोळा झाकून, उजव्यानं बघून, एकेक कपडा उजेडाकडे धरून मी दोन ढीग केले. पांढरे इकडे, मळकट तिकडे. कुठं शंका आली तिथं दोनदा बघितलं.

झाल्यावर ती आली. पांढऱ्यांचा ढीग उचलून दारात नेला आणि एकेक कपडा उलगडून परत बघितला. सगळा ढीग बघितला. एक उशीचा अभ्रा काढून मळकटांच्या ढिगात टाकला.